चादर वर करून पाहा

(सिस्टरांना विचारा : वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त परिचारिकेची उत्तरं)

या वेळी वृद्धाश्रमांबद्दलची पत्रं इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवले. त्यातली चार इथे घेते आहे. नावं आणि ठिकाणं मी काढून टाकली आहेत, कारण पत्रात ज्यांच्याबद्दल लिहिलंय ती माणसं अजून त्याच खाटांवर आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते, मी ३४ वर्षं परिचारिका होते. त्यातली शेवटची ११ वर्षं अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या शुश्रूषेत गेली.

प्रश्न : सिस्टर, माझी आई ८१ वर्षांची आहे. दीड वर्षापूर्वी तिची उजवी बाजू पक्षाघाताने गेली. मी आणि भाऊ दोघंही नोकरीत, घरी चोवीस तास बघणारं कुणी नाही, म्हणून आठ महिन्यांपूर्वी तिला वृद्धाश्रमात ठेवलं. जागा स्वच्छ आहे, माणसं गोड बोलतात. मी दर रविवारी सकाळी ११ वाजता जाते. परवा तिचा मोजा सरळ करताना टाचेवर नाण्याएवढा काळा डाग दिसला. मावशी म्हणाल्या, “वयामुळे होतं.” डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला तीन-चार निळसर ठिपकेही आहेत. आई काही सांगत नाही, फक्त “घरी ने” म्हणते. मी उगीच संशय घेतेय का? आणि काही बोलले तर माझ्यामागे आईवर राग काढतील, अशी भीती वाटते.

उत्तर : संशय उगीच नाही. दंडावरच्या ठिपक्यांना एखादं साधं कारण असू शकेल. टाचेवरच्या काळ्या डागाला ते शोधणं अवघड आहे, म्हणून आधी टाचेचं सांगते.

एका जागी पडून राहिलेल्या माणसाची कातडी हाड आणि गादी यांच्यामध्ये चिमटली जाते. तिथलं रक्त थांबतं आणि आतलं मांस मरायला लागतं. टाच, घोटा, खुबा, माकडहाड, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू, अगदी कानाची पाळीसुद्धा. सुरुवातीला कातडी शाबूत असते. फक्त लाली दिसते आणि बोटाने दाबून सोडलं तरी ती फिकी होत नाही. सावळ्या अंगावर लाली नीट कळतही नाही, तिथे आपल्या हाताची पाठ लावून पाहायचं. आजूबाजूपेक्षा ती जागा गरम, टणक किंवा भुसभुशीत लागते का? त्या वेळी नुसता भार काढला तरी बहुतेक वेळा कातडी सावरते. काळा डाग पडला म्हणजे ती वेळ कधीच निघून गेली. आईचा मोजा रोज कुणीतरी काढतं आणि घालतं. त्या माणसाने टाच पाहिली नाही, किंवा पाहून कुणाला सांगितलं नाही.

“वयामुळे होतं” हे मी नोकरीत इतक्यांदा ऐकलंय की अजूनही ऐकलं की अंगाचा तिळपापड होतो. डोरीन नॉर्टन या ब्रिटिश परिचारिकेने सहकाऱ्यांसोबत वृद्ध रुग्णांच्या शुश्रूषेचा अभ्यास केला आणि १९६२ साली एक साधं मोजमाप दिलं. प्रकृती, मनाची स्थिती, चालणं-फिरणं, अंथरुणातली हालचाल आणि लघवी-शौचावरचा ताबा, अशा पाच गोष्टींना प्रत्येकी १ ते ४ गुण. बेरीज १४ किंवा त्याखाली आली की जखमेचा धोका आहे असं धरायचं आणि जखम व्हायच्या आधीच कामाला लागायचं. कागद आणि पेन्सिल असली की पाच मिनिटांचं काम. म्हणजे तुमच्या आईला धोका आहे हे तिला दाखल केलं त्याच दिवशी कळायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. अखेरच्या आजारात शरीर मिटत येतं तेव्हा उत्तम काळजी घेऊनही कातडी फुटते. माझ्या हाताखालच्या रुग्णांनाही तशा जखमा झाल्या आहेत. मग फरक कसा ओळखायचा? तिथल्या सिस्टरांकडे कूस बदलल्याची नोंद मागा. हलू न शकणाऱ्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची असते. गादी आणि प्रकृती पाहून थोडं मागेपुढे होतं. ज्यांनी खरंच काम केलंय त्यांचा कागद ओबडधोबड असतो. दहा वाजून दहा मिनिटं, मग बारा चाळीस, मध्येच खाडाखोड, दोन वेगळी अक्षरं, “पाठीत दुखतंय म्हणाल्या” असा शेरा. अख्ख्या रात्रीची नोंद एकाच पेनने, एकाच हाताने, ठोक्याला १०, १२, २, ४ अशी ओळीने भरलेली दिसली, तर ती बहुधा सकाळी चहा पिताना भरली आहे.

आता टाचेचं काय करायचं? आश्रमाशी संबंध नसलेल्या डॉक्टरांना ती याच आठवड्यात दाखवा. खपली काळी, कोरडी, घट्ट असेल तर ती कुणालाही सोलू देऊ नका, ती आतल्या भागाचं झाकण असते. कडा ओलसर झाल्या, वास आला, पू किंवा ताप दिसला, तर त्याच दिवशी रुग्णालय. पोटरीखाली उशी अशी लांबट ठेवायची की टाच हवेत राहील. टाचेखालीच उशी ठेवणारे लोक मी पाहिलेत, त्याने काही साधत नाही. लाल झालेल्या जागेला चोळायचं नाही, त्याने आतलं मांस आणखी दुखावतं. मध्ये भोक असलेली गोल चकतीही वापरायची नाही, तिच्या कडेने उलट रक्त अडतं.

दंडावरचे ठिपके. म्हातारपणी कातडी कागदासारखी होते, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर नुसत्या धक्क्याने हाताच्या मागच्या बाजूला जांभळं पडतं. पक्षाघातानंतर अशी गोळी बऱ्याच जणांना चालू असते, तेव्हा आईच्या गोळ्यांची यादी पाहा. पण वळ कुठे आहे याला फार महत्त्व आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १०१ वृद्धांच्या अंगावर अपघाताने उठलेल्या वळांची रोज पाहणी केली होती. जवळपास ९० टक्के वळ हातापायांवर होते. मान, कान, कुल्ले, गुप्तांग आणि तळपाय या जागी एकही नव्हता. वळाच्या रंगावरून तो किती दिवसांचा हे ठरवता येत नाही, हेही त्याच पाहणीत दिसलं. काहींचा वळ पहिल्याच दिवशी पिवळा होता. म्हणून “हा जुना आहे, तिकडून येतानाचाच असेल” असं कुणी रंग पाहून म्हणालं, तर ते मानू नका.

दंडाच्या आत ओळीने तीन-चार ठिपके आणि बाहेरच्या बाजूला एक, अशी रचना असेल तर ती पकडलेल्या पंजाची असते. दंडाला धरून उचललं, ओढलं. मारायच्या हेतूने असेल असं नाही. माणूस कसं उचलावं हे शिकवलेलंच नसतं किंवा दुसरा हात मदतीला नसतो, तेव्हाही हेच होतं. तरी इजा ती इजाच, आणि तिचा जाब मागायचा. मनगटाभोवती किंवा घोट्याभोवती कड्यासारखा वळ असेल तर बांधून ठेवलं होतं का, हे सरळ विचारायचं. मांड्यांच्या आत वळ, आतल्या कपड्यांवर रक्त, अंघोळीच्या वेळी अचानक घाबरणं, यातलं काही दिसलं तर अंग पुसू नका, कपडे धुऊ नका. तसंच रुग्णालयात न्या आणि पोलिसांना कळवा. वय ८१ असलं म्हणून असं होत नाही, या समजुतीपायी किती पुरावे धुतले गेले असतील, याचा विचार करवत नाही.

आता रविवारी ११ वाजताची भेट. तुम्ही येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. साडेदहाला अंग पुसलेलं असतं, केस विंचरलेले असतात, चादर बदललेली असते. एकदा मंगळवारी संध्याकाळी सात वाजता जा. एकदा जेवणाच्या वेळेला. ताट समोर ठेवून वीस मिनिटांनी तसंच उचलून नेतात का? पाण्याचं भांडं तिच्या डाव्या हाताला पोचतं का, की उजव्या बाजूला ठेवलंय, जो हात उचलतच नाही? जीभ कोरडी आहे का, लघवी गडद आहे का? हाक मारायची घंटा कुठे आहे? ती उशीपासून दूर भिंतीवर गुंडाळून ठेवलेली मी पाहिली आहे. आणि दर महिन्याला वजन विचारा. एका महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन उतरलं तर त्याचं कारण शोधलंच पाहिजे. आई ५० किलोंची असेल तर महिन्यात अडीच किलो. कपडे सैल झालेले डोळ्यांना दिसतात, पण आकडा लिहून ठेवलेला बरा.

भेटीत चादर वर करून पाहा. पाय, पाठ, कंबर. संकोच वाटेल. तिला विचारून, पडदा ओढून पाहा. “तुला कुणी मारतं का?” असं विचारू नका, त्या प्रश्नाला “नाही गं” याखेरीज उत्तर येत नाही. “रात्री हाक मारलीस की कोण येतं? यायला किती वेळ लागतो? कोण आलं की बरं वाटतं?” असं विचारा. मग ज्यांचं नाव ती घेत नाही, त्यांच्याकडे लक्ष ठेवा.

राग काढतील या भीतीबद्दल. ही भीती खरी आहे, मी ती खोडून काढणार नाही. पण इतक्या वर्षांत मी एक पाहिलंय. कामाचा ताण वाढला की सगळ्यात आधी हेळसांड होते ती ज्याच्याकडे कुणी येत नाही, ज्याच्याबद्दल कुणी विचारत नाही, त्या खाटेची. तुम्ही येता, चादर उचलता, वजन विचारता हे कळलं की दोन वाजता कूस बदलायला आईच्या खाटेशी लोक आधी जातात. मावशींशी भांडू नका. आश्रमाच्या प्रमुखांना लेखी द्या. तारीख, काय पाहिलं, कोण काय म्हणालं ते त्यांच्याच शब्दांत, टाचेचा फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून, आणि खाली सरळ प्रश्न : ही जखम तुमच्या नोंदीत पहिल्यांदा कधी आली, तेव्हापासून काय उपचार केले? एक प्रत पोच घेऊन स्वतःकडे ठेवा. आठ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, किंवा “वयामुळे” असं उत्तर आलं, तर आश्रमाला परवाना देणाऱ्या आणि तपासणी करणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे तीच कागदपत्रं पाठवा. आणि तोवर दुसरी जागा बघायला लागा.

प्रश्न : वडील ७६ वर्षांचे, स्मृतिभ्रंश आहे. आश्रमात गेले तेव्हा रात्री फिरायचे, दारं ठोकायचे, लोकांवर ओरडायचे. महिनाभरापासून एकदम शांत झाले आहेत. दिवसभर झोपून असतात, जेवताना मान खाली पडते, लाळ गळते, चालताना पाय घासतात. व्यवस्थापक म्हणाले, “आता रुळले.” आम्हाला हायसं वाटायला हवं, पण वाटत नाही.

उत्तर : वाटू नये असंच ते वर्णन आहे. रुळलेला माणूस जेवताना जागा असतो.

औषधांचा कागद मागा. प्रत्येक गोळीचं नाव, मात्रा, कधी सुरू केली, कुणी लिहून दिली आणि कशासाठी. मुलगा म्हणून हे तुम्हाला विचारता येतं. त्यात क्वेटियापिन, ओलान्झापिन, रिस्पेरिडोन किंवा हॅलोपेरिडॉल यांपैकी काही महिनाभरापूर्वी सुरू झालेलं दिसलं, तर झोप, लाळ आणि पाय घासणं यांचं मूळ तिथे असू शकतं. ही मनोविकारांवरची औषधं आहेत. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांना ती दिल्यावर मृत्यूचं प्रमाण वाढतं, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली या गटातल्या नव्या औषधांवर आणि २००८ साली हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्यांवरही छापायला लावला. त्यामागे १७ चाचण्यांचे आकडे होते. साधारण दहा आठवड्यांच्या चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ४.५ टक्के दगावले, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी सुमारे २.६ टक्के.

कधीच द्यायची नाहीत असं मी म्हणत नाही. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, बाकी सगळं करून झालं असेल, तर थोड्या मात्रेत, थोड्या दिवसांसाठी, घरच्यांना सांगून आणि ती कधी थांबवायची हे ठरवून डॉक्टर देतात. रात्री दोनच माणसं कामावर आहेत आणि तुमचे वडील दारं ठोकतात, म्हणून दिलेली गोळी म्हणजे न दिसणारा दोर. अमेरिकेच्या १९८७ सालच्या कायद्यात शुश्रूषागृहातल्या माणसाचा हा हक्कच लिहून ठेवलाय : शिस्त लावण्यासाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी त्याला दोराने बांधायचं नाही आणि औषधानेही नाही.

पण एक करू नका. चिडून गोळ्या एकदम बंद करू नका. झोपेच्या काही गोळ्या अचानक तोडल्या तर फिट येऊ शकते. आश्रमाबाहेरच्या डॉक्टरांना कागद दाखवा, ते टप्प्याटप्प्याने कमी करतील. आणि गोळ्यांचा संबंध नसेल तर प्रकरण आणखी तातडीचं आहे. वृद्धांमध्ये लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, पाणी कमी पडणं किंवा साधी बद्धकोष्ठतासुद्धा अशी गुंगी आणते. त्यामुळे रक्त-लघवीच्या तपासणीसाठी पुढच्या रविवारची वाट पाहू नका.

व्यवस्थापकांना हेही विचारा की वडील रात्री का फिरायचे, याचा शोध कुणी घेतला होता का. माझ्याकडे एक आजोबा दर रात्री तीनला उठून दार हलवायचे. चौकशी केली तेव्हा कळलं, आयुष्यभर ते पहाटपाळीला जायचे. त्यांना आम्ही तीन वाजता गरम काहीतरी प्यायला द्यायला लागलो, एक मामा दहा मिनिटं शेजारी बसायचा. त्यानंतर दार शांत झालं. रोजच नाही, पण बहुतेक रात्री.

प्रश्न : मी २३ वर्षांची आहे, पाच महिन्यांपासून वृद्धाश्रमात काम करते. रात्री ३२ जणांना आम्ही दोघी. माझ्याबरोबरच्या ताईंनीच मला काम शिकवलं. मागच्या आठवड्यात डायपर बदलताना एक आजी ओरबाडत होत्या. ताईंनी त्यांच्या तोंडावर चापट मारली आणि हात पट्टीने कठड्याला बांधले. मला म्हणाल्या, “सगळेच करतात, तूही शिकशील.” मला झोप लागत नाही. सांगितलं तर नोकरी जाईल, आणि ताई तशा वाईट नाहीत.

उत्तर : बाळ, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तुला आधी माझी गोष्ट सांगते. ती मी आजवर छापील कुठे सांगितलेली नाही.

माझं नोकरीचं दुसरं वर्ष. रात्रपाळी. एक आजोबा नाकातली नळी सारखी उपसून काढायचे. तिसऱ्यांदा काढली तेव्हा मी त्यांचे दोन्ही हात बँडेजने कठड्याला बांधले. अर्ध्या तासासाठी म्हणून बांधले होते, सोडले ते सकाळी साडेपाचला. दोन्ही मनगटांवर लाल कडी उमटली होती. ते काही बोलले नाहीत, त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. वरच्या सिस्टरांनी ते बँडेज पाहिलं आणि नोंदीत लिहिलं, “रात्र शांत.” मला कुणी रागावलं नाही, आणि त्याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं. कारण त्यानंतर दोन महिने मी ते पुन्हा पुन्हा केलं. थांबले ते एका नव्या मुलीमुळे. ती तुझ्याच वयाची होती. तिने मला काही न विचारता बँडेज सोडलं आणि त्यांचा हात हातात धरून खुर्चीवर बसून राहिली.

“सगळेच करतात” हे ताईंचं म्हणणं अगदीच खोटं नाही, हे दुःख आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार वृद्धांच्या संस्थांमधल्या तीनपैकी दोन कर्मचाऱ्यांनी मागच्या वर्षभरात आपल्या हातून कोणत्या ना कोणत्या प्रकारचा छळ झाल्याचं कबूल केलंय. त्यात बराच भाग ओरडण्याचा, हिणवण्याचा, दुर्लक्षाचा आहे. तू लिहिलंस ती मारहाण आहे. ताई वाईट नसतील. ३२ माणसांना दोघी ही व्यवस्था मात्र नक्की वाईट आहे, आणि ती ज्यांनी ठरवली ते रात्री तिथे नसतात. तरी गालावरची चापट आजींना बसली. त्या कुणाला सांगू शकत नाहीत. पाहणारी तू एकटीच आहेस.

म्हणून आज बसून लिहून काढ. दिनांक, वेळ, खोली, कोण होतं, काय पाहिलंस, काय ऐकलंस. “मला वाटतं” हे शब्द नकोत, डोळ्यांनी पाहिलं तेवढंच. प्रमुख सिस्टरांना लेखी दे आणि प्रत आपल्याजवळ ठेव. त्यात हेही लिही की रात्री दोघींत हे काम सुरक्षितपणे होत नाही. त्यांनी कागद दाबला तर आश्रमाची तपासणी करणाऱ्या यंत्रणेकडे जा. पुन्हा मारहाण दिसली तर पोलिसांना सांग आणि आजींच्या घरच्यांनाही. नोकरी जाऊ शकते. ती जाणार नाही असं खोटं आश्वासन मी तुला देणार नाही. पण उद्या त्या आजी बांधलेल्या हातांनी खाली सरकल्या आणि गळा अडकला, तर चौकशीत त्या रात्रीच्या पाळीवर तुझंही नाव असेल. बांधलेली माणसं अशी दगावली आहेत.

आणि आज रात्री पाळी असेल तर कामाचं सांगते. त्या आजींना कळत नाही की तू डायपर बदलतेस. त्यांना एवढंच कळतं की अंधारात कुणीतरी आपले कपडे काढतंय. तुलाही राग आला असता. दिवा लाव. समोरून जा, नाव घे, एक मिनिट नुसती बोल. हात गरम करून घे. वरचा भाग चादरीने झाकलेला ठेव, हातात धरायला रुमाल दे. एक कूस, मग थांब, मग दुसरी. तरी झटकल्या तर झाकून ठेव, दुसऱ्या खाटेकडे जा आणि दहा मिनिटांनी परत ये. त्या मधल्या वेळात पुष्कळदा त्यांचा राग निवलेला असतो. आणि तुझा स्वतःचा राग हाताशी आला असं वाटलं, तर कठडा वर कर आणि खोलीबाहेर ये. दोन मिनिटं ओल्या डायपरने कुणाचं काही बिघडत नाही.

प्रश्न : मी ७८ वर्षांचा, स्वतः वृद्धाश्रमात राहतो. मला कुणी मारत नाही. पण अंघोळ घालताना दार उघडं ठेवतात, येणारे-जाणारे बघतात. शौचाला नेण्यासाठी घंटा वाजवली की “डायपर आहे ना, त्यातच करा” म्हणतात. सगळ्यांसमोर मला “बाळ्या” म्हणतात. मी ३० वर्षं शिक्षक होतो. मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, “बाबा, ॲडजस्ट करा.” हा छळ आहे का, की मीच हळवा झालोय?

उत्तर : गुरुजी, नमस्कार. हा छळच आहे. तुम्ही हळवे झालेला नाहीत.

घंटा वाजवून नेलं जात नाही, तेव्हा होतं काय हे मी पाहिलंय. ज्याला लघवी-शौचाची जाणीव आहे, त्याला डायपरमध्ये करायला लावलं की काही आठवड्यांत ती जाणीवही जाते आणि पायांतली ताकदही. मग संस्था म्हणते, “यांना ताबाच नाही.” ओल्यात राहिल्याने जांघेतली, कुल्ल्यांवरची कातडी सोलवटते ते वेगळंच. म्हणून जायची सवय सोडू नका. उठल्यावर, जेवणानंतर, झोपण्याआधी अशा ठरलेल्या वेळी न्यावं, असं लेखी मागा. वेळा ठरलेल्या असल्या की त्यांना नाही म्हणणं कठीण जातं.

तुम्ही शिक्षक होतात, तेव्हा वही ठेवाल याची मला खात्री आहे. पंधरा दिवस लिहा. घंटा किती वाजता वाजवली, माणूस किती वाजता आलं, काय म्हणालं, अंघोळीला दार उघडं होतं की बंद. मुलाला फोनवर सांगू नका, भेटायला आला की वही हातात द्या. त्याचं “ॲडजस्ट करा” हे बहुधा अपराधीपणातून आलंय. तुमचं म्हणणं खरं मानलं तर त्याला काहीतरी करावं लागेल. त्याने ऐकलं नाही तर वहीची प्रत आश्रमप्रमुखांना तुम्ही स्वतः द्या. तक्रार करायला मुलाची परवानगी लागत नाही. शेजारच्या खाटांवरच्या दोघा-तिघांनी त्याखाली सही केली तर फार बरं.

आणि उद्या अंघोळीच्या वेळी, अंगावरचा कपडा काढायच्या आधी, वर्गात बोलायचात त्या आवाजात म्हणा : “दार लावा, मग सुरू करू.” “बाळ्या” म्हटलं तर उत्तर देऊ नका. नाव घेईपर्यंत थांबा.

दार लागलं का, ते मला कळवा. न लागलं तरी कळवा, मग तक्रारीचं पत्र कसं लिहायचं ते पुढच्या अंकात सांगते.